बांधलेले पाय

आठव्या दिवशी पोरीच्या डाव्या खुब्यात काहीतरी कटकन हललं, आणि माझा तेलाचा हात तिथंच थांबला.

मगदुमांच्या न्हाणीघरात मी पाटावर पाय लांब सोडून बसले होते. पोरगी माझ्या नडग्यांवर उताणी. मागच्या शेडमध्ये त्यांचे चोवीस माग धडाडत होते, तेव्हा आवाज काही कानाला आला नाही. तो माझ्या अंगठ्याला आला. मी डावा पाय पुन्हा पोटाशी दुमडला, हळूच बाजूला उघडला. पुन्हा कटकन. उजवा करून बघितला. उजवा गुमान उघडत होता, त्याची काही तक्रार नव्हती. पुन्हा डावा. उघडला की हाडाचा गोळा आत गेल्यासारखा, मिटला की बाहेर आल्यासारखा.

"काय झालं वो अक्का? थांबला का?" दाराशी बाजेवर शेक घेत पडलेल्या त्रिशलानं विचारलं. बावीस वर्षांची पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण हिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. नांदणीला घरी एकटा बाप. म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं.

"काय न्हाई," मी म्हणाले. "तुझी लेक लाथा मारायलीया. लई तिखट हाय."

ती हसली आणि पुन्हा डोळे मिटून पडली.

मी बायजा. इचलकरंजीत त्या वेळी वीस वर्षं बाळंतिणींना आणि पोरांना न्हाऊमाखू घालत होते. बायजाक्काच्या हातचं पोर कधी वाकडं चालत नाही, असं गावात म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, आधी मीच चार घरी सांगितलं, मग लोक म्हणायला लागले. हे काम मला सासूनं शिकवलं. तेल किती घ्यायचं, पाणी किती कढत हवं, टाळूवर हात किती हलका हवा, सगळं शिकवलं आणि एक नेम घालून दिला. सव्वा महिना बाळंतिणीच्या कानावर पोराचं वंगाळ घालायचं नाही, पान्हा आटतो. पोराचं डोकं चपटं असो नाहीतर कपाळावर डाग असो, आईनं विचारलं तर "सोन्याचा तुकडा हाय" एवढंच म्हणायचं. खरं काय ते तिच्या आईला नाहीतर सासूला सांगायचं, तेही चुलीपाशी, दबक्या आवाजात.

त्रिशलाला आई नव्हती, म्हणून मी तिच्या सासूकडं गेले. रत्नाबाई कढईत डिंक फुलवत होत्या.

"वैनी, पोरीचा डावा खुबा वाजतोय."

झारा थांबला. "वाजतोय म्हंजे?"

"सांध्यात नीट बसलेला न्हाई. आत-बाहेर करतोय. मिरजेला हाडाच्या डॉक्टरला एकदा दाखवून आणा, वाटलं तर."

हे 'वाटलं तर' माझं. ते शेपूट मीच जोडलं.

"आठ दिसाचं पोर घेऊन मिरजेला?" रत्नाबाई म्हणाल्या. "अन् त्या पोरीला काय सांगू? आधीच आईच्या नावानं उशी भिजवती. दूध जाईल सगळं." त्यांनी दाराकडं बघून आवाज उतरवला. "माझ्या सुकुमारच्या कानावर घालू नको. ह्यांच्या तर न्हाईच. सगळं गाव सांगतंय, बायजाचा हात, बायजाचा हात. एवढासा खुबा तुझ्या हातानं बसत न्हाई व्हय?"

एवढ्या एका वाक्यानं मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"बसतोय की. न बसायला काय झालं?" मी म्हणाले. "सव्वा महिना द्या मला."

दुसऱ्या दिवसापासून मी इरेला पेटले. करडईचं तेल कोमट करून डावा खुबा चोळायचा, दोन्ही टाचा धरून पाय खाली ताणायचे, गुडघ्याला गुडघा जुळवायचा आणि मग जुन्या लुगड्याची पट्टी कमरेपासून घोट्यापर्यंत गच्च आवळायची. माझा विचार साधा होता. मोडक्या फांदीला काठी बांधली की ती हलत नाही, जागच्या जागी धरते. तसाच सांधा धरेल. पोरांचे पाय सरळ बांधायची रीत तर घरोघर होतीच. घटकाभर बांधायचे आणि सोडायचे. मी दुप्पट घट्ट बांधले आणि दिवसभर ठेवले. पोरगी किंचाळायची. मी म्हणायची, रडू दे, रडण्यानं छाती मोकळी होते.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पुढच्या सोप्यात पाळणा टांगला, गावातल्या बायका जमल्या, पोरीचं नाव चंदना ठेवलं. सगळ्या बायका म्हणत होत्या, काय छान गुटगुटीत आहे. मी पट्टीवर दुपटं घालून ठेवलं होतं.

बारशानंतर दोन दिवसांनी वेखंड द्यायचं राहिलं म्हणून मी दुपारची परत मगदुमांकडं गेले. त्रिशलाच्या खोलीत बघते तर पट्टी खाली लोळतेय. त्रिशला भिंतीला टेकून बसलेली, आणि चंदना तिच्या पोटावर पालथी, दोन्ही पाय दोन्हीकडं फाकवून आईच्या कमरेला बिलगलेली. गाढ झोपली होती. इतकी शांत मी तिला कधी बघितली नव्हती.

"पट्टी कुणी सोडली?"

त्रिशला दचकली. "लई रडत होती वो अक्का. मी पोटाशी अशी घेतली अन् गप झाली. बघा की, कशी झोपलीया."

"तू आई हाईस का वैरीण? पाय फेंगडे झाले म्हंजे मग रडत बसशील."

"तिला दुखत असंल असं वाटलं मला."

"वीस वर्सं पोरं न्हाऊ घालतीया मी. तू किती घातलीस?"

माझा आवाज ऐकून रत्नाबाई आल्या. पट्टी बघितली आणि सुनेकडं बघितलं. "हिला काय कळतंय?" त्या मला म्हणाल्या. "शिकवाय आई न्हाई. तूच शिकव."

मग मी शिकवलं. पोरगी तिच्याकडून काढून घेतली, खाली निजवली आणि पट्टी त्रिशलाच्याच हातात दिली. "बांध. गुडघे जुळव. आणखी आवळ. आणखी." ती आवळत होती, पोरगी टाहो फोडत होती, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी पोरीच्या पोटावर पडत होतं. बांधून झाल्यावर मी गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "अशी. आता ही उद्या मीच सोडणार."

त्यानंतर तिनं पुन्हा पट्टी सोडली नाही. शहाणी पोर होती. सांगितलेलं ऐकायची.

सत्ताविसाव्या दिवशी मी नेहमीसारखा पाय दुमडून उघडला. काही वाजलं नाही. पुन्हा केला. नाही. दहादा करून बघितलं. पाय जरा कमी उघडत होता, पण इतके दिवस बांधून आखडला असेल म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. मी तशीच तेलकट हातानं चुलीपाशी गेले.

"वैनी, बसला!"

रत्नाबाईंनी दोन्ही हात जोडले. "बायजा, तुझ्या हाताला सोन्याचं कडं पायजे बघ."

कडं काही मिळालं नाही, पण सव्वा महिन्याच्या दिवशी हिरवी इरकल मिळाली. त्रिशलानं माझ्या पाया पडून पोरीला माझ्या पायावर घातलं. "तुमी नसता तर मला काय जमलं असतं अक्का?" ती म्हणाली. मी इरकल नेसून सगळ्या गल्लीतनं मिरवत घरी आले. खुब्याचं कुणाला सांगता येत नव्हतं, एवढंच काय ते मनाला लागत होतं. एवढी मोठी करामत केलेली, आणि तोंडानं बोलायची सोय नाही!

पंधराव्या महिन्यात चंदना चालायला लागली. चालली ती डावीकडं झुकत.

हे मला रत्नाबाईंकडूनच कळलं. मगदुमांच्या घरच्या माणसानं माझा उंबरा ओलांडायची ती पहिलीच वेळ. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सुकुमार अन् त्रिशला मिरजेला घेऊन गेली होती," त्या म्हणाल्या. "खुबा सांध्याच्या बाहेर हाय म्हणाला डॉक्टर. आपरेशन सांगितलंय. तरी चाल सरळ हुईलच असं न्हाई."

"पण बसला होता की वैनी! मी माझ्या हातानं बघितलं."

"आता त्येचं काय?" त्यांनी माझं बोलणं झटकलं. "जन्माचंच असंल म्हणाला. पयल्या महिन्यात आणली असती तर नुसत्या पट्ट्यावर भागलं असतं म्हणं. जन्मल्यावर कुणाच्या ध्यानात कसं आलं न्हाई, असं इचारलं. अन् कधी पडली होती का, असंबी इचारलं. उद्या तुला आमच्यात बोलवणार हाईत. सव्वा महिना तुझ्या हातात होती म्हणून."

मी खाली बसले. त्या मात्र उभ्याच होत्या.

"हे बघ बायजा. माझ्या शैलाचं सांगलीला जुळत आलंय. माझी धाकटी नणंद जन्माची लंगडी होती, तुला ठाऊक हाय. आता नातबी जन्माचीच म्हटली तर लोक काय म्हणतील? मगदुमांच्या रक्तातच खोट हाय. माझी लेक घरात ऱ्हाईल."

"अन् त्रिशला?"

"तिला काय हुतंय? नांदाय आलीया, नांदंल." त्यांनी पदर सावरला. "अन् तुझंबी तू बघ. खुबा वाजत होता अन् बायजा गप बसली, हे भाईर कळलं तर उद्या तुझ्या हातात पोर कोण देईल?"

ही धमकी होती की सल्ला, मला कळलं नाही. खरं मात्र होतं. माझ्याकडं त्या हाताशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्या हाताच्या नावावर मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी सोप्यात सगळे बसले होते. त्रिशलाचे सासरे आप्पासाहेब खुर्चीवर, सुकुमार भिंतीला टेकून, आणि नांदणीहून आलेले तिचे वडील नेमगोंडा सतरंजीच्या अगदी कडेला, टोपी मांडीवर ठेवून. रत्नाबाई खांबाशी उभ्या होत्या. त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चंदना तिच्या कडेवर. पोरीनं मला ओळखलं नाही, पण हसली.

"बायजाक्का," आप्पासाहेब म्हणाले, "तुमी जाणकार. घाबरायचं काय कारण न्हाई, खरं काय ते सांगा. जन्मल्यावर पोरीचा पाय कसा होता?"

त्रिशला माझ्याकडं आशेनं बघत होती. त्या सोप्यात मी काय बोलेन याला न भिणारी तीच एकटी होती. मी येऊन खरं सांगेन आणि सगळं मिटेल, असं तिला वाटत असावं.

"चांगला होता," मी म्हणाले. "दोन्ही पाय सारखे."

इथं थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो, आणि मला टेकू द्यायला कुणी सांगितलंही नव्हतं.

"माझ्या हातात होती तवर काय न्हवतं," मी पुढं म्हणाले. "पाय सरळ ऱ्हावेत म्हणून मी पट्टी बांधून जायची, ती मातूर ही मागनं सोडून टाकायची. वैनींनी बघितलंय."

"व्हय, मी बघितलंय," रत्नाबाई लगेच म्हणाल्या.

सुकुमार बायकोकडं वळला. "पडली होती का ही कधी? खरं सांग."

"न्हाई." त्रिशला गोंधळली. ती माझ्याकडं बघत होती, नवऱ्याकडं नाही. "एकदा पाळण्याची दोरी निसटली होती. तिसऱ्या महिन्यात. पण मी झेलली. खाली पडली न्हाई ती."

"अन् आजवर बोलली न्हाईस?"

"काय झालंच न्हाई तर काय बोलू?"

पण आता कुणाला पुढचं ऐकायचं नव्हतं. ज्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. पाळणा टांगला बाराव्या दिवशी आणि खुबा वाजला आठव्या दिवशी. हे त्या सोप्यात दोनच बायकांना ठाऊक होतं, आणि दोघी मूग गिळून उभ्या होत्या.

नेमगोंडा सतरंजीवरून उठले. सत्तरीचा माणूस, व्याह्यापुढं हात जोडून उभा राहिला. "पोरीची चूक झाली. आई न्हाई तिला, कोण शिकवणार? पदरात घ्या."

"दादा, मी झेलली होती वो," त्रिशला म्हणाली.

"गप बस," बाप म्हणाला. "आणखी किती खाली बघाय लावशील?"

तिला घरातनं काढली नाही. मगदूम तसले लोक नव्हते. फक्त चंदना तिच्या हातात द्यायची बंद झाली. न्हाऊ घालायला रत्नाबाई, जेवू घालायला शैला, दवाखान्यात न्यायला सुकुमार. त्रिशलानं पोरीला उचललं की घरातलं कुणी ना कुणी म्हणायचं, "हळू गं, हळू." मिरजेला ऑपरेशन झालं, तीन महिने पोरगी कमरेपासून प्लास्टरमध्ये होती. पाय थोडा सुधारला, चाल काही सरळ झाली नाही. शैलाचं लग्न ठरल्याप्रमाणं सांगलीला झालं. मीही पंगतीला बसले आणि दोनदा जिलेबी मागून घेतली.

माझी घरं वाढतच गेली. बायजाक्का खरं बोलणारी बाई, असा आणखी एक लौकिक झाला.

चंदना सहा वर्षांची झाली त्या वर्षी नगरपालिकेच्या दवाखान्यात आम्हा न्हाऊ घालणाऱ्या बायकांसाठी तीन दिवसांचं शिक्षण ठेवलं होतं. मी गेले ती चहा-बिस्किटांसाठी. शिकवायला लोखंडे सिस्टर होत्या, माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. पोरांच्या नाकात-कानात तेल सोडू नका, छाती पिळू नका, उलटं टांगू नका, हात हलका ठेवा, असं सांगत होत्या. आम्ही बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. हिनं एक तरी पोर न्हाऊ घातलंय का, म्हणून.

मग त्यांनी कापडाची बाहुली घेतली.

"आता पायांचं ऐका. पाय ताणून, सरळ करून, गच्च बांधायचे नाहीत. पोरं जन्मतात ती पाय दुमडून, बाहेर फाकवून. तसेच राहू द्यायचे. आईच्या पोटावर पाय फाकवून निजलं तर सगळ्यात उत्तम. काही पोरांचा खुबा जन्मतः सैल असतो. मालीश करताना तुमच्या हाताला कट्ट असं लागेल. लागलं की त्याच दिवशी डॉक्टरकडं. पाय फाकवून ठेवणारा पट्टा लावतात, दोन-तीन महिन्यांत बहुतेक पोरं बरी होतात."

"अन् बांधलं तर?" हे मी विचारलं.

"सरळ बांधलं तर गोळा वाटीतनं पुरता बाहेर सरकतो मावशी. मग तो आत येत नाही आणि बाहेरही जात नाही, म्हणून वाजायचा बंद होतो. बायकांना वाटतं, बसला. बसलेला नसतो. निघालेला असतो." त्यांनी बाहुली खाली ठेवली. "पाय कमी उघडायला लागतो, ती खूण. पण तोवर उशीर होतो."

त्यापुढं त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला एवढंच म्हणत होते की मी गप बसले. आता कळलं की खुबा घालवला तोही मीच. आणि जिला काही येत नव्हतं, जिला शिकवायला आई नव्हती, तिनं पोर पोटावर घेऊन पाय जसे ठेवायला हवे तसेच ठेवले होते. ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि तिच्याच हातानं पोरीचे पाय आवळून घेतले. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली, पण दवाखान्यातल्या त्या बाकाचा गारवा अजून माझ्या मांड्यांना आठवतो. चहा आला तेव्हा मी उठून घरी गेले.

त्रिशलाला सांगायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. रत्नाबाई वर्षापूर्वी वारल्या होत्या. शैलाला दोन पोरं झाली होती. मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तरी आज जाऊ, उद्या जाऊ, करत चार महिने गेले, आणि एक दिवस मगदुमांकडूनच बोलावणं आलं. त्रिशलाला मुलगा झाला होता. बायजाक्काच हवी, दुसरी कुणी नको, असं तिनं सांगून पाठवलं होतं.

मी गेले. पहिल्याच दिवशी पोराचे दोन्ही खुबे तपासले. लख्ख होते. हात हलका ठेवला, पाय मोकळे ठेवले. त्रिशला काही विचारायची नाही. पोराला पाजायची ती जमिनीवर बसून, भिंतीला पाठ लावून, दोन्ही बाजूंना उशा रचून. पाजून झालं की लगेच खाली निजवायची. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज मला सासूचा नेम आठवायचा. सव्वा महिना बाळंतिणीच्या कानावर वंगाळ घालू नये. जिचा पान्हा आटेल म्हणून एकदा गप बसले, तिच्याच पान्ह्याच्या आड मी पुन्हा लपले.

सव्वा महिना भरला. शेवटच्या दिवशी न्हाऊ घालून झालं की पोर आईच्या पदरात घालायचं आणि उद्यापासून आईनं न्हाऊ घालायचं, अशी आमची रीत. आज बोलायचंच, असं ठरवून गेले होते. पोराला टॉवेलात गुंडाळलं आणि पुढं केलं.

"घे."

त्रिशला दोन पावलं मागं सरली. "नको अक्का. अंग तेलकट असतंय. माझ्या हातातनं निसटंल."

"तुझ्या हातातनं कधी काय निसटलं न्हाई, त्रिशला," मी म्हणाले. "ऐक माझं. चंदनाचं..."

"माझं मन राखू नका अक्का." ती हसली. समजूतदार बाई हसते तशी. "आधी मलाबी वाटायचं, मी झेलली होती. लई दिस वाटायचं. मग रोज आठवून बघाय लागले. दोरी कशी निसटली, मी कशी धावले. आठवता आठवता खरं काय ते दिसाय लागलं. पडलीच होती ती. पाळण्याच्या कडेवर डावा पाय आपटला तिचा. आता डोळे मिटले तरी दिसतंय मला."

टॉवेलातनं पोराचा पाय बाहेर आला होता, तो मी आत घेतला.

"तुमी त्या दिशी सगळ्यांसमोर खरं बोललासा," ती म्हणाली. "मला तवा तुमचा लई राग आला होता. पण त्येच्यामुळं मी ह्याला जपतीया. न्हाईतर ह्योबी मोडला असता माझ्या हातनं." तिनं दाराकडं वळून हाक मारली. "चंदना, ये गं. बाळाला घे."

चंदना आली. डावीकडं झुकत, भिंतीला हात लावत आली आणि माझ्या शेजारी फतकल मारून बसली. तिनं सराईतासारखी मांडी नीट केली, दोन्ही हात पुढं केले.

"द्या अक्का. आईला भ्या वाटतंय."

मी पोर तिच्या मांडीवर ठेवलं. त्रिशला वाकून माझ्या पाया पडली. तिचं डोकं माझ्या पायावर होतं तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. ती उठली, माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आशीर्वादाची वाट बघत.

"जपूनच ऱ्हा बाई," मी म्हणाले.